आरोपपत्र नाही, खटला नाही, थेट क्षेपणास्त्र!

२ सप्टेंबर २०२५ रोजी कॅरिबियन समुद्रात अमेरिकेच्या सैन्याने एका छोट्या बोटीवर हल्ला केला. बोटीवरील ११ माणसे ठार झाली. राष्ट्राध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांनी त्या हल्ल्याची चित्रफीत स्वतः जगाला दाखवली आणि जाहीर केले, की हे व्हेनेझुएलातील टोळीचे लोक होते, मादक द्रव्ये घेऊन निघाले होते, म्हणून त्यांना संपवले. त्या ११ जणांची नावे सरकारने सांगितली नाहीत. बोटीत काय माल होता, किती होता, तो कोणी पाहिला, कोणी मोजला, हेही सांगितले नाही. माल समुद्राच्या तळाशी गेला आणि माणसेही गेली. ना पंचनामा, ना मुद्देमाल, ना साक्षीदार. राहिली ती फक्त मारणाऱ्याची गोष्ट.

त्यानंतर हा प्रकार नित्याचा झाला. ऑक्टोबर २०२५ मध्ये कॅरिबियनबरोबरच पूर्व पॅसिफिक महासागरातही हल्ले सुरू झाले. २०२५ संपेपर्यंत ठार झालेल्यांची संख्या शंभराच्या पुढे गेली होती आणि २०२६ उजाडल्यावरही हे सत्र थांबले नाही. एवढी माणसे मारली, पण त्यासाठी अमेरिकेच्या संसदेने, म्हणजे काँग्रेसने, एका ओळीचीही परवानगी दिलेली नाही. युद्ध जाहीर झालेले नाही, सैन्य वापरण्याचा ठराव झालेला नाही. एका माणसाच्या हुकमावर हे सारे चालले आहे.

कॅरिबियन समुद्र आपल्यापासून हजारो मैल दूर आहे, मग आंबेडकरी चळवळीच्या वाचकाने त्याची चिंता का करावी, असे कोणी विचारील. ज्या समाजाला शतकानुशतके चौकशीशिवाय शिक्षा भोगावी लागली, त्या समाजाला हा प्रश्न पडूच नये. आरोप करणारा, न्यायनिवाडा करणारा आणि शिक्षा अंमलात आणणारा एकच असतो तेव्हा काय होते, हे पुस्तकात वाचून शिकण्याची पाळी आपल्यावर कधी आली नाही.

आधी गोळी, मग गोष्ट

११ जुलै १९९७ हा दिवस आठवा. घाटकोपरच्या माता रमाबाई आंबेडकर नगरात बाबासाहेबांच्या पुतळ्याची विटंबना झाली, लोक रस्त्यावर आले आणि राज्य राखीव पोलीस दलाने गोळीबार केला. आपले १० बांधव बळी गेले. गोळ्या झाडून झाल्यावर गोष्ट सांगण्यात आली, की जमाव गॅसचा टँकर पेटवणार होता. ही गोष्ट खोटी ठरली ती कशामुळे? न्यायमूर्ती गुंडेवार आयोगापुढे साक्षी झाल्या, उलटतपासणी झाली, जागेची पाहणी झाली, म्हणून. आयोगाने टँकरची कहाणी नाकारली आणि गोळीबार असमर्थनीय ठरवला. २००९ मध्ये सत्र न्यायालयाने गोळीबाराचा आदेश देणाऱ्या अधिकाऱ्याला दोषी धरले. न्याय उशिरा आणि अपुरा मिळाला, हे खरेच. पण सत्य बाहेर आले ते चौकशीमुळेच. रमाबाई नगर भर समुद्रात असते, प्रेते बुडाली असती आणि एकही साक्षीदार उरला नसता, तर टँकरची गोष्टच इतिहास म्हणून शाळेत शिकवली गेली असती.

म्हणूनच चौकशी, खटला, पुरावा हे शब्द आपल्याला कोरडे वाटत नाहीत. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने २३ सप्टेंबर २०१४ रोजी पीयूसीएल विरुद्ध महाराष्ट्र राज्य या खटल्यात पोलीस चकमकींसाठी १६ मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली. चकमकीत माणूस मेला, तर गुन्हा नोंदवायचा, स्वतंत्र यंत्रणेने तपास करायचा, दंडाधिकाऱ्यांनी चौकशी करायची. २०१६ मध्ये मणिपूरमधील १,५२८ कथित बनावट चकमकींच्या याचिकेवर निकाल देताना त्याच न्यायालयाने स्पष्ट केले, की अशांत प्रदेशातसुद्धा, समोरचा अतिरेकी असला तरीसुद्धा, सैन्याला वाटेल तेवढे बळ वापरण्याची मोकळीक नाही. या तत्त्वांचे आपल्याकडे किती पालन होते, हा वेगळा आणि संतापजनक विषय आहे. परंतु तत्त्व मान्य आहे आणि त्याच्या आधारे न्यायालयाचे दार ठोठावता येते. कॅरिबियन समुद्रात मारल्या गेलेल्यांच्या बाबतीत अमेरिकेचे सरकार तत्त्वच नाकारत आहे.

युद्ध म्हणायचे, पण युद्ध नाही म्हणायचे

ट्रम्प सरकारची कायदेशीर भूमिका कोणत्याही वकिलाने तपासून पाहावी. ऑक्टोबर २०२५ च्या सुरुवातीला सरकारने काँग्रेसला कळवले, की अमेरिका मादक द्रव्यांच्या टोळ्यांशी सशस्त्र संघर्षात आहे. म्हणजे हे युद्ध आहे आणि युद्धात शत्रूला मारता येते, त्याला अटक करून खटला भरावा लागत नाही. ठीक. युद्ध आहे, तर मग १९७३ चा युद्धाधिकार ठराव लागू होतो. व्हिएतनामच्या अनुभवानंतर काँग्रेसने राष्ट्राध्यक्ष निक्सन यांचा नकाराधिकार झुगारून हा कायदा केला. राष्ट्राध्यक्षाने सैन्य लढाईत उतरवले, तर ४८ तासांत काँग्रेसला कळवायचे आणि काँग्रेसने परवानगी दिली नाही, तर ६० दिवसांत कारवाई थांबवायची, असे तो सांगतो. ही मुदत नोव्हेंबर २०२५ च्या सुरुवातीला संपली. तेव्हा सरकारचे वकील म्हणाले, की या हल्ल्यांत अमेरिकन सैनिकांच्या जिवाला धोका नाही. समोरून गोळी येत नाही. म्हणून ही कायद्याच्या अर्थाने लढाईच नाही आणि ६० दिवसांची मुदत लागू होत नाही!

मारताना युद्ध आहे, हिशेब देताना युद्ध नाही. समोरचा माणूस उलट वार करू शकत नाही, हेच त्याला मारण्याची मोकळीक मिळण्याचे कारण ठरले. असा युक्तिवाद पहिल्यांदाच झाला असेही नाही. २०११ मध्ये लिबियावर बाँबफेक चालू असताना ओबामा सरकारनेही थोड्याफार फरकाने हीच पळवाट काढली होती. त्या वेळी जे गप्प बसले, त्यांनी आजच्या सरकारच्या हाती हत्यार दिले. कायद्यातली पळवाट आपल्या आवडत्या नेत्याने काढली म्हणून खपवून घेतली, की नंतर नावडता नेताही त्याच वाटेने येतो.

अमेरिकेच्या राज्यघटनेच्या पहिल्या अनुच्छेदातील आठव्या कलमाने युद्ध जाहीर करण्याचा अधिकार काँग्रेसला दिला आहे. त्याच कलमात खुल्या समुद्रातील चाचेगिरी आणि गंभीर गुन्ह्यांची व्याख्या करून शिक्षा ठरवण्याचा अधिकारही काँग्रेसलाच दिला आहे. म्हणजे हे युद्ध धरा, नाहीतर समुद्रातला गुन्हा धरा. दोन्ही वाटा काँग्रेसच्या दारातूनच जातात. काँग्रेसने या गुन्ह्यासाठी कायदाही केलेला आहे. त्यानुसार अमेरिकेचे तटरक्षक दल वर्षानुवर्षे संशयित बोटी अडवत आले, माल जप्त करत आले, माणसांना अटक करून न्यायालयापुढे उभे करत आले. तिथे दोषी ठरणाऱ्या खलाशाला तुरुंगवास होतो, फाशी होत नाही. न्यायाधीशाने सारा पुरावा पाहूनही जी शिक्षा दिली नसती, ती पुरावा न पाहता आकाशातून दिली जाते.

बुडणाऱ्यांवर दुसरा वार

पहिल्याच हल्ल्याची आणखी एक बाजू नोव्हेंबर २०२५ च्या अखेरीस वॉशिंग्टन पोस्टने उघडकीस आणली. पहिल्या माऱ्यानंतर दोन माणसे जिवंत होती. फुटलेल्या बोटीच्या अवशेषांना धरून ती पाण्यात तरंगत होती. त्यांच्यावर दुसरा वार करण्यात आला. १ डिसेंबरला व्हाइट हाऊसने दुसरा हल्ला झाल्याचे मान्य केले, अ‍ॅडमिरल फ्रँक ब्रॅडली यांनी त्याचा आदेश दिल्याचे सांगितले आणि तो कायदेशीरच होता, असा दावा केला. संरक्षणमंत्री पीट हेगसेथ यांनी त्या प्रसंगाची संपूर्ण चित्रफीत लोकांसमोर ठेवण्यास नकार दिला. पहिल्या माऱ्याची चित्रफीत फुशारकीने दाखवायची आणि दुसऱ्याची लपवायची, यातच सारे आले.

जहाज फुटून पाण्यात पडलेल्या माणसाला मारू नये, हा नियम कालपरवाचा नाही. १९४९ च्या दुसऱ्या जीनिव्हा कराराने अशा माणसांना संरक्षण दिले आहे. त्याआधी १९४४ मध्ये एका जर्मन पाणबुडीच्या कप्तानाने पेलेउस नावाचे ग्रीक जहाज बुडवून नंतर तराफ्यांवरील खलाशांवर गोळ्या झाडल्या होत्या. १९४५ मध्ये हँबुर्गच्या ब्रिटिश लष्करी न्यायालयाने कप्तानासह तिघांना मृत्युदंड दिला. वरिष्ठांचा आदेश होता, हा हाताखालच्यांचा बचाव न्यायालयाने ऐकला नाही. खुद्द अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या युद्धकायद्याच्या नियमपुस्तकात उघडउघड बेकायदा आदेशाचे उदाहरण म्हणून कोणते उदाहरण दिले आहे? जहाज फुटलेल्यांवर गोळीबार करण्याचे!

१६ ऑक्टोबर २०२५ च्या हल्ल्यात तर याहून विलक्षण गोष्ट घडली. दोन माणसे वाचली आणि अमेरिकन सैन्याच्या हाती लागली. एक कोलंबियाचा, दुसरा इक्वेडोरचा. सरकार म्हणत होते, की हे शत्रूचे योद्धे आहेत. मग त्यांना युद्धकैदी का केले नाही? ते तस्कर होते, तर अमेरिकेच्या न्यायालयात खटला का भरला नाही? दोघांनाही त्यांच्या देशात परत पाठवले. इक्वेडोरमध्ये त्या माणसाविरुद्ध काही पुरावा नाही म्हणून त्याला सोडून देण्यात आले. क्षेपणास्त्र दोन हात इकडे पडले असते, तर हाच माणूस सरकारी यादीत ठार झालेला दहशतवादी म्हणून कायमचा नोंदला गेला असता. जिवंत राहिला म्हणून निर्दोष ठरला. जे मेले, त्यांच्यात असे किती होते, हे आता कोण सांगणार?

कोलंबियातील एका मच्छीमाराच्या कुटुंबाने डिसेंबर २०२५ मध्ये आंतर-अमेरिकी मानवी हक्क आयोगाकडे तक्रार केली आहे. त्रिनिदादच्या दोन तरुणांच्या घरच्यांनी अमेरिकेच्या न्यायालयात दाद मागितली आहे. संयुक्त राष्ट्रांचे मानवी हक्क उच्चायुक्त फोल्कर टुर्क यांनी ३१ ऑक्टोबर २०२५ रोजीच हे हल्ले आंतरराष्ट्रीय मानवी हक्क कायद्याचा भंग करणारे असून ते थांबवावेत, असे सांगितले होते.

तस्करीतही श्रेणीबद्ध विषमता

मादक द्रव्यांची बाजू घेण्याचा प्रश्न येतच नाही. पंचशीलातले पाचवे शील आपण रोज उच्चारतो. नशेने आपल्या वस्त्यांतील किती तरुण घरे उद्ध्वस्त झाली, हे कार्यकर्त्याला वेगळे सांगावे लागत नाही. अमेरिकेतही २०२२ या एका वर्षात मादक द्रव्यांच्या अतिसेवनाने १ लाखाहून अधिक माणसे मेली. त्या आयांचे दुःख खोटे नाही. परंतु त्यातील बहुतांश मृत्यू फेंटानिल या कृत्रिम द्रव्यामुळे झाले आणि ते प्रामुख्याने मेक्सिकोतून जमिनीवरच्या सीमेने येते. कॅरिबियनमधल्या होड्या बुडवून ते थांबत नाही. आणि पंचशीलात पाचव्या शीलाच्या आधी पहिले शील आहे. पाचवे पाळायला लावण्यासाठी पहिले मोडता येत नाही.

शिवाय सर्व तस्करांना एकच न्याय असता तरी गोष्ट वेगळी होती. होंडुरासचे माजी राष्ट्राध्यक्ष हुआन ओर्लांडो हर्नांडेझ यांना अमेरिकेच्याच न्यायालयाने २०२४ मध्ये कोकेन तस्करीच्या कटात दोषी ठरवून ४५ वर्षांची शिक्षा दिली होती. शेकडो टन कोकेन अमेरिकेत पोहोचवायला मदत केल्याचा तो खटला होता. डिसेंबर २०२५ च्या पहिल्याच दिवशी ट्रम्प यांनी त्यांना माफी दिली आणि ते तुरुंगातून बाहेर आले. ३ जानेवारी २०२६ रोजी अमेरिकेच्या सैन्याने थेट व्हेनेझुएलावर हल्ला करून राष्ट्राध्यक्ष निकोलस मादुरो यांना पकडले. परक्या देशाच्या प्रमुखाला असे उचलून नेणे, हा स्वतंत्र गुन्हा आहे. पण त्यांनासुद्धा न्यूयॉर्कच्या न्यायालयात उभे केले, आरोप वाचून दाखवले, वकील दिला.

म्हणजे दोषी ठरलेल्या माजी राष्ट्राध्यक्षाला माफी, पकडून आणलेल्या राष्ट्राध्यक्षाला वकील आणि खटला, आणि नाव नसलेल्या होडीवाल्याला क्षेपणास्त्र. बाबासाहेबांनी श्रेणीबद्ध विषमता म्हणजे काय, ते आपल्याला शिकवले. एकाच अपराधाला वर्णाप्रमाणे वेगवेगळी शिक्षा सांगणारी मनुस्मृती त्यांनी १९२७ साली महाडला जाळली. तीच वृत्ती आज दुसऱ्या खंडात, दुसऱ्या भाषेत, अत्याधुनिक शस्त्रे घेऊन उभी आहे.

पर्याय मुंबईच्या बंदरात आहे

भर समुद्रात सशस्त्र गुन्हेगारांना जिवंत पकडणे शक्य नसते, असे कोणी म्हणत असेल, तर त्याने मार्च २०२४ मधली घटना पाहावी. सोमाली चाच्यांनी एमव्ही रुएन हे जहाज पळवले होते. त्यांनी भारतीय नौदलावर गोळीबारही केला होता. तरीही आयएनएस कोलकाता आणि इतर नौकांनी सुमारे ४० तास कारवाई करून ३५ चाच्यांना शरण यायला लावले आणि १७ खलाशांना सुखरूप सोडवले. चाच्यांना मुंबईत आणून पोलिसांच्या ताब्यात दिले. संसदेने २०२२ मध्ये सागरी चाचेगिरीविरोधी कायदा केला होता, म्हणून त्यांच्यावर रीतसर कारवाई करता आली. ज्यांच्या हाती बंदुका होत्या आणि ज्यांनी त्या चालवल्या, त्यांना आपण न्यायालय दिले. मग ज्यांच्या हाती शस्त्र असल्याचेही दाखवता येत नाही, त्यांना जगातले सर्वांत बलाढ्य नौदल जिवंत पकडू शकत नाही?

याउलट घाईने गोळी झाडली की काय होते, याचाही अनुभव आपल्याला आहे. नोव्हेंबर २००८ मध्ये एडनच्या आखातात आयएनएस तबरने चाच्यांचे मुख्य जहाज समजून एक बोट बुडवली. नंतर कळले, की ती चाच्यांनी पळवलेली थायलंडची मासेमारी बोट होती. तीवरील ओलीस खलाशांपैकी बहुतेकांचा जीव गेला. फेब्रुवारी २०१२ मध्ये केरळच्या किनाऱ्यावर इटलीच्या नौसैनिकांनी चाचे समजून आपल्या दोन मच्छीमारांना ठार केले. ते प्रकरण आंतरराष्ट्रीय लवादापर्यंत गेले, इटलीला १० कोटी रुपये भरपाई द्यावी लागली आणि २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने खटला बंद केला. नोव्हेंबर २०२१ मध्ये पाकिस्तानच्या सागरी सुरक्षा यंत्रणेच्या गोळीबारात जलपरी बोटीवरील पालघर जिल्ह्यातील एका मच्छीमाराचा बळी गेला. दुरून पाहणाऱ्याला मच्छीमार, चाचा आणि तस्कर यांच्या होड्या सारख्याच दिसतात. मरणारा मात्र बहुधा पोटासाठी समुद्रात गेलेला माणूस असतो. संशयावरून बोट उडवणे कायदेशीर आहे, असा पायंडा अमेरिकेने पाडला, तर उद्या तो केवळ कॅरिबियनपुरता राहणार नाही. कोळीवाड्यातल्या आपल्या माणसांनाही त्याची किंमत मोजावी लागेल.

बाबासाहेबांनी दाखवलेला फरक

४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधानाचा मसुदा संविधान सभेपुढे मांडताना बाबासाहेबांनी अमेरिकेची अध्यक्षीय पद्धती आणि संसदीय पद्धती यांची तुलना केली होती. अमेरिकेतील कार्यकारी सत्ता आपल्या अस्तित्वासाठी काँग्रेसच्या बहुमतावर अवलंबून नसते. त्यामुळे तिथे स्थैर्य अधिक, पण जबाबदारी कमी. संसदीय पद्धतीत प्रश्न, ठराव, अविश्वास यांच्याद्वारे सरकारला रोज हिशेब द्यावा लागतो. स्थैर्य आणि जबाबदारी यांत निवड करायची वेळ आली, तेव्हा मसुद्याने जबाबदारीला झुकते माप दिले, असे त्यांनी सांगितले. कोलंबिया विद्यापीठात शिकलेल्या, अमेरिका जवळून पाहिलेल्या माणसाचे हे निदान होते. ते किती अचूक होते, हे कॅरिबियन समुद्र आज सांगतो आहे. आणि पुढे २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात त्यांनी बजावले, की कितीही मोठा माणूस असला, तरी आपले स्वातंत्र्य त्याच्या पायाशी ठेवू नका. राजकारणातली भक्ती हुकूमशाहीकडे नेते. हा इशारा केवळ भारतासाठी नव्हता.

अमेरिकन काँग्रेसने काय केले ते पाहा. ८ ऑक्टोबर २०२५ रोजी बोटींवरील हल्ले थांबवण्याचा ठराव सिनेटमध्ये ४८ विरुद्ध ५१ मतांनी पडला. ६ नोव्हेंबरला व्हेनेझुएलाविषयीचा ठराव ४९ विरुद्ध ५१ ने पडला. १७ डिसेंबरला प्रतिनिधीगृहात दोन ठराव आले. एक २१० विरुद्ध २१६ ने, दुसरा २११ विरुद्ध २१३ ने पडला. जानेवारी २०२६ मध्ये व्हेनेझुएलावरील हल्ल्यानंतर सिनेटने ठराव पुढे नेण्यास ५२ विरुद्ध ४७ ने संमती दिली, पण आठवड्याभरात दबाव आला आणि मते ५०-५० झाल्यावर उपराष्ट्राध्यक्ष व्हॅन्स यांनी आपले मत टाकून तो रोखला. प्रतिनिधीगृहात २१५ विरुद्ध २१५ अशी बरोबरी होऊन ठराव पडला. एक-एक, दोन-दोन मतांनी हे घडले आहे. म्हणजे भिंत अभेद्य नाही. रँड पॉल, लिसा मुर्कोव्स्की यांच्यासारख्या सत्ताधारी पक्षाच्या सिनेटरांनी पक्षाचा आदेश बाजूला ठेवून मत दिले. आणखी मूठभर लोकांनी तेवढेच धैर्य दाखवले असते, तर निकाल वेगळा लागला असता.

होडीवरचे मौन राजधानीपर्यंत कसे पोहोचते, हेही या तारखाच सांगतात. सप्टेंबरमध्ये एक बोट, डिसेंबरपर्यंत तीसहून अधिक बोटी आणि जानेवारीत एका देशाची राजधानी. पहिल्या ११ जणांसाठी सभागृह उभे राहिले असते, तर पुढची पायरी एवढी सोपी झाली नसती.

संघात उभा राहिलेला एक सभासद

बौद्धांना लोकप्रतिनिधीचे कर्तव्य शिकण्यासाठी दूर जावे लागत नाही. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ मध्ये बाबासाहेबांनी रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य आणि कोलीय यांच्यात झालेल्या तंट्याची हकीकत दिली आहे. शाक्य संघाच्या सभेत सेनापतीने युद्धाचा ठराव मांडला. २८ वर्षांचा सिद्धार्थ उभा राहिला. युद्धाने प्रश्न सुटत नाही, दोन्ही बाजूंची माणसे नेमून, त्यांनी एक पंच निवडून तंटा मिटवावा, असे त्याने सुचवले. त्याची सूचना प्रचंड बहुमताने फेटाळली गेली. दुसऱ्या दिवशी सैन्यभरतीचा ठराव आला, तेव्हा कालचे विरोधकही गप्प बसले. सिद्धार्थ पुन्हा उभा राहिला. कुटुंबावर बहिष्कार घालू, जमिनी जप्त करू, अशी धमकी मिळाली. त्याने परिव्रज्या पत्करली, पण हात वर केला नाही.

या कथेत दोन गोष्टी आहेत. पहिली, युद्धाचा निर्णय संघात, मतदानाने होत होता. सेनापतीला एकट्याला तो अधिकार नव्हता. अडीच हजार वर्षांपूर्वीच्या गणराज्यात जो दंडक होता, तो आजच्या सर्वांत मोठ्या लोकशाहीवाद्यांना जड जावा, हे आश्चर्य आहे. दुसरी, बहुमत विरुद्ध असले म्हणून सभासदाची जबाबदारी संपत नाही. १४ सप्टेंबर २००१ रोजी अमेरिकेच्या प्रतिनिधीगृहात बार्बरा ली या कृष्णवर्णीय महिला सदस्याने ४२० विरुद्ध १ अशा मतदानात ते एकटे विरोधी मत दिले होते. राष्ट्राध्यक्षाला अमर्याद अधिकार देऊ नका, एवढेच त्यांचे म्हणणे होते. त्यांना धमक्या आल्या. वीस वर्षांच्या युद्धांनंतर कोण बरोबर होते, हे जगाने पाहिले.

लोकप्रतिनिधींनी काय करावे

काँग्रेसच्या हातात उपाय नाहीत, असे नाही. संयुक्त ठराव पुन्हा आणावा, पुन्हा पुन्हा आणावा. राष्ट्राध्यक्ष नकाराधिकार वापरतील आणि तो मोडायला दोन तृतीयांश मते लागतील, हे खरे. पण प्रत्येक मतदानात प्रत्येक सदस्याचे नाव नोंदले जाते आणि मतदार ते वाचतो. याहून धारदार शस्त्र पैशाचे आहे. १९७३ मध्ये काँग्रेसने निधी तोडला आणि १५ ऑगस्ट १९७३ पासून कंबोडियावरची बाँबफेक थांबली. आजही या हल्ल्यांसाठी एक डॉलर खर्च होणार नाही, अशी अट अर्थसंकल्पात घालता येते. डिसेंबर २०२५ मध्ये काँग्रेसने हल्ल्यांच्या चित्रफिती मिळेपर्यंत संरक्षणमंत्र्यांच्या प्रवासखर्चाचा चौथा भाग रोखण्याची तरतूद केली. हे पाऊल लहान आहे, पण दिशा बरोबर आहे. त्याच दिशेने पुढे जाऊन सर्व चित्रफिती आणि सरकारचे कायदेशीर मत प्रसिद्ध करावे, मृतांची ओळख पटवावी, दुसऱ्या हल्ल्याची शपथेवर चौकशी व्हावी, निरपराधांच्या कुटुंबांना भरपाई मिळावी आणि समुद्रातली तस्करी रोखण्याचे काम पुन्हा तटरक्षक दल आणि न्यायालये यांच्याकडे द्यावे.

या लढ्यात एक मराठी माणूसही आहे. बेळगावात वाढलेले आणि आता मिशिगनमधून निवडून गेलेले श्री ठाणेदार यांनी डिसेंबर २०२५ मध्ये याच हल्ल्यांवरून हेगसेथ यांच्याविरुद्ध महाभियोगाची कलमे मांडली. ती मंजूर होण्याइतके संख्याबळ त्यांच्यापाशी नाही, पण हत्येला हत्या म्हणण्याचे काम त्यांनी केले. अमेरिकेत आज आंबेडकरी विचारांची शेकडो कुटुंबे आहेत. अनेक जण तिथले मतदार आहेत. १४ एप्रिलला बाबासाहेबांच्या प्रतिमेला हार घालणाऱ्या या बांधवांनी आपल्या भागातील सिनेटर आणि प्रतिनिधी यांना पत्र लिहावे, फोन करावा, भेट मागावी आणि विचारावे, की तुम्ही त्या दिवशी कोणत्या बाजूला मत दिले? बाबासाहेबांनी ज्या देशात लोकशाहीचे धडे घेतले, त्या देशाचे ऋण फेडण्याचा हा मार्ग आहे.

आपल्या खासदारांनीही गप्प राहण्याचे कारण नाही. भारतीय संविधानाच्या अनुच्छेद ५१ मध्ये आंतरराष्ट्रीय शांतता आणि आंतरराष्ट्रीय कायद्याबद्दल आदर वाढवण्याचे निर्देश राज्याला दिलेले आहेत. अनुच्छेद २१ मधील जीविताचा अधिकार नागरिकाला नव्हे, तर ‘व्यक्ती’ला आहे. ज्यांच्या संविधानाने परक्यालाही माणूस मानले, त्यांच्या संसदेत या हत्यांवर एक प्रश्न तरी विचारला गेला पाहिजे.

होडीतला माणूस दोषी होता की निर्दोष, हे मला माहीत नाही. तुम्हालाही नाही. ट्रम्प यांनाही ते सिद्ध करता आलेले नाही. म्हणूनच न्यायालये असतात. आणि ज्या दिवशी न्यायालयाच्या आधी क्षेपणास्त्र पोहोचते, त्या दिवशी लोकप्रतिनिधीने संघातल्या सिद्धार्थाप्रमाणे आपल्या जागेवरून उठून नाही म्हणायचे असते.